वळणावरचा बर्फ

नागपुरात बर्फ असतो असे छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस या शहरात असेल, आणि तो माझा साडू आहे. मे महिन्यात जिथे डांबर चपलेला चिकटते, आणि जिथले लोक आपल्या उन्हाविषयी घरच्या कर्तबगार माणसाविषयी बोलावे तसे बोलतात, त्या गावात जन्म काढून हा गृहस्थ बर्फाला भितो, बर्फाचा अभ्यास करतो, आणि दिवाळी सरली की भेटेल त्या सायकलस्वाराला थांबवून बर्फापासून जपण्याचा उपदेश करतो. त्यांना हसणे फार सोपे आहे. मी पुष्कळ वर्षे हसलो. आता पंचावन्नाव्या वर्षी त्या हसण्यातले निर्मळ किती होते आणि नुसते सोयीचे किती, हे तपासून पाहावेसे वाटते. त्यासाठीच हे लिहितो आहे.

ते माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणतो. ते मला ‘साहेब’ म्हणतात, कारण मी एका सरकारी कार्यालयात कारकून आहे आणि ते त्यांना ठाऊक आहे. आम्हा दोघांचीही घराणी उमरेडची, विणकरांची. माझ्या वडिलांनी माग लवकर सोडला आणि मला शाळेत घातले; त्यांच्या वडिलांनी तो शेवटपर्यंत सोडला नाही, म्हणून भाऊजींचे बालपण मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, पावडी दाबण्यात गेले. पुढे ते कोराडीकडे वीज केंद्रात फिटर म्हणून लागले, तिथेच निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतरही प्रताप नगरात आमच्या शेजारी राहायला या म्हणून मी केलेला आग्रह मोडून, कोराडी रस्त्याला लागूनच असलेल्या एका लेआउटमध्ये दोन खोल्यांचे घर बांधून राहिले. “शहरात रस्ते सरळ आहेत गा,” एवढेच कारण त्यांनी दिले. सरळ रस्त्यावर त्यांना करमत नाही.

कारण त्यांचे सगळे चित्त एका वळणावर असते. त्यांच्या घरापासून वीज केंद्राकडे जाणारा रस्ता एका नाल्याकडे उतरतो आणि उतरता उतरताच डावीकडे वळतो. दोन्ही बाजूंना बाभळी असल्यामुळे तिथे ऊन उशिरा पोचते. राख वाहणारे ट्रक तिथूनच जातात. ते कोणाचे, राख कोणाची, याच्याशी भाऊजींना कर्तव्य नाही. राख सांडते एवढे खरे. हिवाळ्यात पहाटे त्या बारीक राखेवर दव पडते आणि तिचा एक पातळ, राखाडी, दिसायला अगदी कोरडा असा थर तयार होतो. त्यावरून पहिल्या पाळीचे कामगार डबे लटकवून सायकलने उतरतात. नोकरीत असताना भाऊजी एकदाच, रजा प्रवास सवलत घेऊन, सहकुटुंब मनालीला गेले होते. तिथे लोक बर्फाचे गोळे करून एकमेकांना मारत होते, आणि हे मात्र बुटांच्या खुणा असलेल्या एका गोठलेल्या पायवाटेवर बूट-मोजे काढून उभे राहिले. वाटाड्याने आरडाओरडा केला, ताईंनी हात जोडले, तरी हे हलेनात. थोड्या वेळाने पाऊल उचलून त्यांनी निर्णय दिला, “हे तर आपलं वळण आहे. फरक फक्त रंगाचा.” तेव्हापासून त्या वळणावर जे काही साठते त्याला ते बर्फच म्हणतात, आणि दुसरा शब्द वापरणाऱ्याकडे अज्ञानी माणसाकडे पाहावे तसे पाहतात.

पायाने पारख करण्याची ही सवय मागावरची. पावडीखाली सूत कुठे ताणले गेले, कुठे सैल पडले, हे डोळ्यांच्या आधी पायाला कळते, असे ते सांगतात, आणि तोच न्याय रस्त्याला लावतात. हिवाळ्यात कुठल्याही अनोळखी रस्त्यावर आले की सायकलवरून उतरायचे, उजवी चप्पल काढून हँडलला अडकवायची, अनवाणी पाऊल डांबरावर टेकवून डोळे मिटायचे, आणि मग आपण जाऊ शकतो की नाही ते जाहीर करायचे. एकदा माझ्या पुतण्याच्या लग्नाला जाताना त्यांनी हे मंगल कार्यालयाच्या दारात केले. नव्या फरशीवर एक पाय अनवाणी, डोळे मिटलेले, अंगात कोट. वधूपक्षाचे लोक समजले की नवस असावा, आणि दोघांनी त्यांना वाकून नमस्कार केला. भाऊजींनी आशीर्वाद दिला आणि फरशी पास केली.

त्यांचा हिवाळा पंचांगावर चालतो. तुळशीचे लग्न लागले की त्याच संध्याकाळी पाना घेऊन सायकलची सीट पार खाली उतरवायची, म्हणजे घसरलो तर दोन्ही पाय जमिनीला टेकतील; ती पुन्हा वर चढते महाशिवरात्रीला. मधले तीन-साडेतीन महिने ते गुडघे कानाशी नेत, एखाद्या विचारी बेडकासारखे सायकल हाकतात. छातीवर स्वेटरच्या आत वर्तमानपत्र असते, तेही निदान आठवडाभर जुने. ताजा पेपर गरम नसतो असा त्यांचा अनुभव आहे. संक्रांतीला ते वीज केंद्राच्या रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सायकलस्वाराच्या हातावर तिळाचा लाडू ठेवतात आणि म्हणतात, “तिळगूळ घ्या अन् पुढचा ब्रेक दाबू नका.” त्यांच्या मते पुढचा ब्रेक ही सायकल बनवणाऱ्यांची एक चूक आहे आणि बर्फावर ती उघडकीला येते.

पण या सगळ्या छंदांचा कळस म्हणजे विटेचा चुरा. निवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यापासून भाऊजी रोज पहाटे, पहिल्या पाळीच्या आधी, कॅरियरला विटेच्या चुऱ्याचे पोते बांधून वळणावर जाऊ लागले. कुठे बांधकाम निघाले, कुठे भिंत पाडली, की हे तिथून तुटक्या विटा आणत, दुपारभर अंगणात बसून फोडत, चाळत. फार बारीक चुरा चालत नाही, तो स्वतःच घसरतो. फार जाडही नाही, तो चाकाखालून उडतो. सडा टाकावा तसा तो चुरा ते मनगटाने उडवत, उतारापासून नाल्यावरच्या पुलापर्यंत, दोन सायकली बाजूबाजूने जातील एवढ्या रुंदीत. कामगारांनी त्यांचे नाव ‘रांगोळीवाले काका’ ठेवले. पोरे विचारत, आज कोणाची वरात येऊन राहिली काका? ते उत्तर देत, तुझीच, हळू चाल. कोणी म्हणे, हे बह्याड झाले. तेही त्यांच्या कानावर येई आणि ते चुरा टाकत राहत. एकदाच, चहा पिताना, काही न विचारता त्यांनी मला सांगितले की त्याच वळणावर त्यांच्या पाळीतला एक जोडीदार पुष्कळ वर्षांपूर्वी घसरला होता, आणि त्याचा उजवा खांदा पुन्हा कधी वर गेला नाही. भाऊजी अगदी त्याच्या मागेच होते. “तो पडला तेव्हा मी पहिले हसलो गा,” ते म्हणाले. “मग उतरलो.” आणि त्यांनी कप पालथा घातला.

त्याच दिवशी त्यांनी मला अर्ज लिहून द्यायला सांगितले. संबंधित कार्यालयाने ते वळण रोज पहाटे धुवावे, किंवा खडबडीत करावे, किंवा निदान तिथे एक फलक लावावा, एवढीच मागणी. स्वतःच्या लिहिण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, माझ्या लिहिण्यावर फार होता. आणि मला, हे कबूल करायला हवे, माझ्या लिहिण्यावर त्यांच्याहूनही अधिक होता. कार्यालयात माझ्या टिप्पण्या वरिष्ठ मागून नेतात, माझे अक्षर शहरातल्या चार-पाच कचेऱ्यांत ओळखले जाते. मी तीन मसुदे केले. तिन्हींत मी ‘निसरडेपणा’ लिहिले आणि तिन्ही वेळा भाऊजींनी कागद परत दिला. “निसरडं वाचून कोणी खुर्चीवरून उठत नाही,” ते म्हणाले. “निसरडं तर बाथरूमही असते. बर्फ लिही.” मी समजावले की नागपुरात बर्फ म्हटले तर अर्ज वाचणारा हसेल. ते म्हणाले, हसेल तर हसेल, पण मग पाहायला येईल ना. शेवटी मी चौथा मसुदा लिहिला. ‘कोराडी मार्गावरील वळणावर हिवाळ्यात साचणाऱ्या बर्फाबाबत’ असा विषय सुरेख अक्षरांत घातला. भाऊजींनी तो दोनदा वाचला, खाली एकेक अक्षर जपून आपली सही केली, आणि चष्मा पुसला.

ते कार्यालय माझ्या रोजच्या वाटेवर होते, म्हणून अर्ज देण्याचे काम मी अंगावर घेतले. दुसऱ्या दिवशी मी आवक विभागाच्या खिडकीपर्यंत गेलोही. आत बसलेला कारकून मला ओळखत होता. त्याने मान डोलावली, या म्हणाला. माझ्या हातातला कागद, माझे अक्षर, आणि त्यावरचा तो शब्द. हा वाचेल, शेजारच्या टेबलावर दाखवेल, दुपारी डबा खाताना सांगेल. मी सहज चौकशीला आलो होतो असे म्हणून परतलो आणि अर्ज माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. उद्या देऊ, असे स्वतःला सांगितले. एवढे साधे झाले ते. कोणाचे वाईट करावे असे मनात नव्हते. माझे हसे होऊ नये, एवढेच होते.

भाऊजींनी विचारले, दिला का? मी हो म्हणालो. त्यानंतर मला फारसे खोटे बोलावेही लागले नाही, कारण माझ्या धंद्यातच तयार वाक्ये पुष्कळ आहेत. पहिल्या हिवाळ्यात ‘अर्ज विचाराधीन आहे’. दुसऱ्या हिवाळ्यात ‘अर्ज संबंधित विभागाकडे अग्रेषित केला आहे’. तिसऱ्या हिवाळ्यात ‘योग्य ती कार्यवाही सुरू आहे’. भाऊजी ही वाक्ये पाठ करत. ‘अग्रेषित’ हा शब्द त्यांना इतका आवडला की चुरा टाकताना ते येणाऱ्या पोरांना ऐकवत, अर्ज अग्रेषित झाला आहे, आता थोडेच दिवस. दर आठवड्याला त्यांचा फोन येई, “आलं का गा?” आणि मी म्हणे, “नाही आलं, भाऊजी,” आणि काहीतरी कारण काढून फोन ठेवून देई.

तिसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला ताई आमच्या घरी आल्या. भाऊजींनी साठी ओलांडली होती, पहाटे त्यांना खोकला येत होता, धुक्यात ट्रकवाल्याला चुरा टाकणारा म्हातारा दिसेल की नाही याची ताईंना भीती वाटत होती. त्यांनी माझ्या पत्नीसमोर पदर डोळ्यांना लावला. “यायले किती सांगू मी? म्हणते, आपण अर्ज दिला आहे, उत्तर येईपर्यंत वळण मोकळं सोडता येत नाही. तुमचंच ऐकतीन. तुम्ही सांगा त्यायले.” मला त्या क्षणी लख्ख कळले की भाऊजींना त्या वळणावर कोण उभे करून ठेवत होते. उत्तर यायचे होते म्हणून ते जात होते; आणि उत्तर कधीच येणार नव्हते, कारण प्रश्नच माझ्या खणात होता. खरे सांगायला त्याहून योग्य वेळ मिळणार नव्हती. मी काय केले? मी रविवारी त्यांच्याकडे गेलो आणि वयोमान, रक्तदाब आणि कुटुंबाप्रती असलेले कर्तव्य यांवर अर्धा तास अतिशय सुसंबद्ध बोललो. भाऊजी विटा फोडत ऐकत होते. शेवटी म्हणाले, “बोलतो छान तू. हे लिहूनच काढ.”

ते पडले ते संक्रांतीनंतरच्या आठवड्यात. धुके दाट होते. वरच्या अर्ध्या उतारावर चुरा टाकून झाला होता, खालच्या अर्ध्यासाठी पोते उचलताना त्यांचा चपलेचा पाय सरकला आणि ते कमरेवर आपटले. खुब्याचे हाड मोडले. ज्या कामगारांनी त्यांना उचलले त्यांनी नंतर मला सांगितले की ते पोचले तेव्हा काका रस्त्याच्या कडेला आडवे पडून, एक हात वर करून, उतरणाऱ्या प्रत्येक सायकलीला सूचना देत होते: ब्रेक नको, ब्रेक सोड, पाय टेकव. दोघा पोरांनी त्यांना आधी ओलांडले, मग ते काय ओरडत होते ते लक्षात येऊन मागे आले.

मी इस्पितळात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. ताई चहा आणायला खाली गेल्या होत्या. पायाला वजन बांधलेले, वरचा पंखा बंद, आणि भाऊजी त्या बंद पंख्याकडे पाहत पडलेले. मला पाहून त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला, “अर्जाचं काही आलं का गा?”

मी म्हणालो, “भाऊजी, मी तो अर्ज दिलाच नाही.”

“कोणता?”

“वळणाचा. माझ्या टेबलाच्या खणात आहे. तीन हिवाळे झाले.”

ते पुन्हा पंख्याकडे पाहू लागले. मी काही कारण सांगू लागलो असतो, पण सुदैवाने त्या दिवशी मला एकही चांगले वाक्य सुचले नाही.

“म्हणजे त्यायनं वाचलाच नाही?” त्यांनी विचारले.

“नाही.”

“म्हणजे कोणी नाही म्हटलं नाही.” त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते समाधानच होते, आणि ते पाहणे मला त्यांच्या रागाहून कठीण गेले. “मले वाटे, वाचून हसून राहिले असतीन, म्हणून उत्तर देत नाही.” मग ते समाधान हळूहळू विरत गेले. “पण मी त्या पोट्ट्यायले रोज सांगे ना गा. अर्ज गेला आहे, अग्रेषित झाला आहे. हाड जुळन माझं. पण माझ्या तोंडून तू तीन हिवाळे खोटं बोलवलं.”

त्यांनी काहून नाही दिला म्हणून विचारले, आणि मी खरे ते सांगितले: त्या शब्दाची लाज वाटली, कागदावर माझे अक्षर होते.

भाऊजींनी थोडा विचार केला. मग उशीवरच मान वळवून म्हणाले, “मग माझ्या अक्षरात लिहू. कागद आण.”

तो अर्ज त्यांनी पडल्या पडल्या, माझ्या हातातल्या पाटावर कागद धरून, दोन दुपारींत लिहिला. अक्षरे मोठी होती, ओळी उताराला लागल्यासारख्या खाली गेल्या होत्या, आणि माझ्या मसुद्यातले एकही वाक्य त्यात नव्हते. ‘मी त्या वळणावर तीस वर्षे सायकल चालवली आहे आणि आता पडलो आहे’ अशी त्याची सुरुवात होती. एवढे नेमके पहिले वाक्य मी माझ्या उभ्या नोकरीत लिहिलेले नाही. बर्फ हा शब्द त्यात सात वेळा होता. मी काहीही दुरुस्त केले नाही. ते मला वाटले होते त्याहून सोपे गेले.

तो घेऊन मी त्याच खिडकीशी गेलो. कारकूनही तोच. त्याने विषय वाचला, वर पाहिले आणि हसला, शेजारच्याला दाखवलाही. मी उभा राहिलो. मग मी त्याला राख, दव, बाभळीची सावली आणि मोडलेला खुबा हे सगळे सांगितले, आणि सांगताना माझा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा होता असे मला वाटते. तो ऐकत गेला. शेवटी त्याने ठप्पा मारला, पोच दिली आणि विचारले की मी अर्जदाराचा कोण. मी म्हणालो, साडू.

संध्याकाळी ती पोच मी भाऊजींच्या हातात ठेवली. त्यांनी ठप्प्यावरून बोट फिरवले आणि विचारले, “हसला का?” नाही म्हणणे ओठांवर आले होते. मी म्हणालो, हसला, आधी. “अन् मग?” मग ऐकले आणि ठप्पा मारला. “हसू दे ना मग,” भाऊजी म्हणाले, आणि पोच उशीखाली सरकवली.

त्याला आता वर्ष होत आले. खुबा जुळला, पण एक पाय किंचित आखूड झाला, आणि सायकल या हिवाळ्यात भिंतीला टेकून उभी आहे. भाऊजी काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. चुरा आता दोघे-तिघे कामगार आपल्या पाळीनुसार टाकतात. रविवारी मी प्रताप नगरातून पहाटे निघून जातो, पण मला तो हात नाही, माझ्याकडून एकाच जागी ढीग पडतो, आणि पोरे उतरून तो चपलेने पसरतात. वळण अजून तसेच आहे. कार्यालयाकडून काही कळलेले नाही. मी दोनदा चौकशी करून आलो.

दर आठवड्याला, सकाळी, भाऊजींचा फोन येतो. “आलं का गा?” ते विचारतात. “नाही आलं, भाऊजी,” मी सांगतो. पूर्वीही मी हेच सांगत असे, याच शब्दांत. आता मात्र ते सांगून झाल्यावर मी फोन ठेवत नाही. पलीकडे भाऊजी खोकत असतात, मागे कुठेतरी पहिल्या पाळीच्या सायकलींच्या घंट्या जात असतात, आणि आम्ही दोघे थोडा वेळ तसेच, काही न बोलता, फोन कानाला लावून बसतो.